हद्दीबाहेरची ऊब

प्रिय धाकटे,

हे पत्र उघडंच पाठवतेय. घडी घातलीय, पण लाख लावलेली नाही. मीठवाल्याला बजावून सांगितलंय, लपवून नेऊ नकोस, हद्दीवर कुणी झडती घेतली तर गुमान त्याच्या हातात ठेव. म्हणजे तुझ्याआधी ते मोठ्या काकांकडे जाणार हे ठरलेलंच. काकांना आता जवळचं दिसत नाही, तेव्हा ते कुणाला तरी वाचायला बसवतील आणि तो बिचारा इथवर आला की घसा खाकरेल. खाकरू नकोस रे बाबा, वाच, चांगलं मोठ्यानं वाच. आणि काका, मी बरी आहे. तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगते. चांगली जाडजूड झालेय. वाळीत टाकलेलं माणूस वर्षभरात झुरून मरतं असं तुम्ही बैठकीत म्हणाला होतात, म्हणून मुद्दाम कळवलं.

आता तुझ्याशी बोलते. मी नदीपलीकडच्या गावात असते, गाड्या बनवण्याच्या एका कारखान्यात. कारखाना म्हणजे एक लांबलचक छप्पर, त्याखाली लाकडाचे ओंडके, अर्धवट झालेली चाकं आणि सगळीकडे भुसा. केसांत भुसा, अंथरुणात भुसा, भाकरीतसुद्धा भुसा. मी चाकाचे आरे तासते. राहायला वर माळ्यावर खोली दिलीय. तिच्या फळ्यांना बोटबोटभर फटी आहेत, त्यामुळे खाली कोण कुणाला काय बोललं ते सगळं ऐकू येतं आणि लोहाराच्या भट्टीचा धूर सरळ माझ्या उशाशी येतो. त्यावरून माझं नि लोहाराचं रोज वाजतं. तो म्हणतो, धूर कुठं जायचं ते मला विचारून जात नाही. मालकीण एक विधवा बाई आहे, तिला सगळे मावशी म्हणतात, तिच्याहून थोराड गाडीवानही मावशीच म्हणतात. मी पहिल्यांदा दारात उभी राहिले तेव्हा तिनं मला कुठून आलीस, कुणाची कोण, काही विचारलं नाही. माझे हात हातात घेऊन उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाली, पकड दिसतेय, उद्यापासून ये. हाडं बसवणाऱ्या बाईच्या हातात रंधा आला तो असा.

पकड होती, पण ऊब गेली होती. ते तुला सांगायचं आहे, सुरुवातीपासून. तुला यातलं बरंचसं माहीत आहे, पण मला एकदा ते ओळीनं मांडू दे. आपल्याला आईनं शिकवलं तेव्हा समोरच्या खोलीतलं ते रुंद मेज आठवतं ना? माणूस त्यावर निजवायचे, आणि त्याच्या घरचं कुणीतरी आईच्या खांद्यावर हात ठेवून म्हणायचं, आमची आहेस, हात लाव. ते म्हटल्याशिवाय आई बोटसुद्धा लावायची नाही. माणूस कितीही विव्हळत असो, ती ताठ उभी. मग ते शब्द आले की तिचे कान लाल व्हायचे, मानेवरून देवीची ऊब खाली तळव्यांत उतरायची आणि तिच्या बोटांखाली मोडलेलं हाड मेणासारखं मऊ व्हायचं. आपण ते शब्द म्हणजे रीतभात समजायचो, घरात शिरण्याआधी पाय धुवावेत तसं. तू तर एकदा लंगड्या मांजराच्या पायाला हात लावून बसली होतीस, आणि ते म्याव केल्याबरोबर ‘म्हणालं, म्हणालं!’ असं ओरडत आईकडे धावली होतीस. मांजरानं तुला बोचकारलं होतं ते वेगळंच.

आईचे हात थकल्यावर ते मेज माझ्याकडे आलं. आणि मग तो खेचरवाला आला. खरं तर आला नाही, झऱ्याच्या खालच्या उतारावर पडलेला मला सापडला. नदीपलीकडच्या जमातीचा, ज्यांच्याशी आपलं आजोबांपासून वैर आहे, त्यांच्यातला. नडगीचं हाड कातडी फाडून बाहेर आलेलं. त्याच्या बाजूनं शब्द म्हणायला घरचं कुणी नव्हतं, आणि त्याला आपली बोली धड येत नव्हती. मी त्याला सांगितलं, असं असं म्हण. तर तो दात आवळून म्हणाला, ‘आमचा आहेस, हात लाव.’ मला, बाईमाणसाला, आमचा! मला हसू आलं, आणि हसता हसता ऊब उतरली, धाकटे. आपल्या माणसांसाठी उतरते तशीच. तसूभरही कमी नाही. तो सरळ चालत गेला, आणि वाटेत भेटेल त्याला माझं कौतुक सांगत गेला. तिथंच घात झाला.

बैठकीत मोठ्या काकांनी मला एकच प्रश्न विचारला होता, ते तुला आठवत असेल. परक्याला हात का लावलास, हे त्यांनी विचारलंच नाही. विचारलं ते हे, की ऊब उतरली का? मी नाही म्हटलं असतं तर चार शब्द ऐकवून सोडून दिलं असतं, मूर्ख पोर आहे म्हणाले असते. त्यांच्या डोळ्यांत तीच विनवणी होती. पण मी उतरली म्हणाले, आणि खोलीतला वाराच बंद झाला. कारण देवी जर कुणाच्याही तोंडचं ऐकत असेल, तर हद्दीचे ते दगड कशाला उभे आहेत, आणि दगडांची राखण करणारी माणसं तरी कशाला? माझा गुन्हा काय असेल तर तो देवीचा होता. तिला वाळीत टाकता येत नाही, म्हणून मला टाकलं.

हाताचा गुण असलेल्या माणसाला वाळीत टाकायचं तर ते शब्द त्याच्या जागी येणाऱ्यानं उच्चारायचे, हा आपला कायदा. तुला पुढे उभं केलं. तू म्हणालीस, ‘तू आमची नाहीस.’ मग काकांनी बाकीचं सांगितलं, तिला पाणी देऊ नये, विस्तव देऊ नये, आमची म्हणू नये, म्हणेल त्याला हीच शिक्षा, आणि ती हद्दीच्या आत दिसली तर कुणीही मारावं, त्याची विचारपूस होणार नाही. तुला मी दोष दिला नाही असं लिहिणार होते, पण खोटं कशाला? दिला. चांगला भरपूर दिला. आईलाही दिला. ती भिंतीशी बसून स्वतःच्या तळव्यांकडे बघत होती.

हद्द ओलांडली आणि हात गार पडले. उगीच मनाचे खेळ म्हणत नाही मी, खरोखर गार. वाटेत एका घरी एका पोरीचं कोपर निखळलं होतं, मी पुढे झाले, ते शब्द मागायची जीभ झाली नाही, तसाच हात लावला, काही नाही. सांधा बसवला, नुसत्या हातकौशल्यानं, आणि ती पोर इतकी किंचाळली की तिच्या आईनं मला हाकलून दिलं. तेव्हा मला पटलं, की काका म्हणाले तेच खरं. जमातीनं टाकलं की देवीही टाकते. आपल्या आत्याचंही असंच झालं होतं ना? तिच्या हातानं पेरलेलं कधी वाया जायचं नाही, आणि तिला बाहेर काढल्यावर म्हणे तिच्या परसात गवतसुद्धा उगवलं नाही. लहानपणी आपल्याला ती गोष्ट सांगून घाबरवायचे. मी त्या दिवसापासून माणसाला हात लावणं सोडलं. लाकूड बरं, ते किंचाळत नाही.

मग धाव चढवण्याचा तो दिवस. लाकडाच्या चाकावर लोखंडाची कडी बसवतात तिला इथं धाव म्हणतात. ती जाळात लाल करायची, चौघांनी लांब चिमट्यांनी उचलून चाकावर टाकायची आणि लगेच पाणी ओतायचं, म्हणजे लोखंड आवळतं आणि चाक कायमचं घट्ट होतं. फार आरडाओरड्याचं काम, वाफेत कुणी कुणाला दिसत नाही. त्या वाफेत चाक सटकलं आणि लोहाराचा उजवा हात चाक नि ऐरणीच्या मध्ये चिरडला. वाफ विरली तेव्हा हात कोपराखाली नको त्या दिशेला वळलेला होता. लोहाराचा उजवा हात गेला म्हणजे लोहारच गेला. सगळे नुसते बघत उभे. मीही. मावशीनं मागून माझ्या खांद्यावर सणसणीत थाप मारली आणि ओरडली, ‘अगं, बघत काय उभी राहिलीस! आमची ना तू? मग लाव की हात!’

तिला ते शब्द माहीत नव्हते गं. ती मला झापत होती. आदल्या दिवशी भुसा झाडला नाही म्हणून झापलं होतं, अगदी तशीच. पण माझे कान तापले. मान तापली. मी गुडघ्यांवर बसले आणि लोहाराच्या हाताला हात लावला, आणि ते हाड माझ्या बोटांखाली असं मऊ झालं, असं मऊ झालं, की मी रडत होते की हसत होते मलाच कळेना. लोहाराला वाटलं मी त्याला हसतेय. त्यानं मला अशा शिव्या घातल्या की त्या या पत्रात लिहिता येणार नाहीत. शिव्या घालता घालता त्यानं मूठ वळली, उघडली, पुन्हा वळली. दुसऱ्या दिवशी त्यानं भट्टीला धुराडं बसवायला घेतलं.

तेव्हापासून मी एकाच गोष्टीचा विचार केला, आणि आता ती छातीवर हात ठेवून सांगते. देवीनं मला टाकलंच नव्हतं. तिला कुणी विचारलंसुद्धा नव्हतं. आपल्या शिक्षेत तीन बंद्या आहेत. पाणी वाटेत कुठल्याही ओढ्याला मिळतं, विस्तव गारगोटीतून निघतो. तिसरी बंदी आपण नुसता अपमान समजत होतो, आणि सगळा फास तिच्यातच होता. कुणी आमची म्हणायचं नाही. ऊब देवीची खरी, पण ती येते माणसाच्या तोंडून. तोंडं बंद केली की ती थांबते, आणि मग तुम्ही बोट दाखवून म्हणायचं, बघा, देवी फिरली. आत्याला एकानं जरी आमची म्हटलं असतं तर तिचं परस फुललं असतं. कारखान्याच्या या गल्लीत तुमच्यासारख्या कितीतरी जमातींनी हाकललेली माणसं राहतात. एकजण जमिनीला कान लावून पाणी सांगायचा, हाकलल्यावर त्याचे कान म्हणे बहिरे झाले होते. आम्ही त्याला मध्ये उभा केला आणि सगळ्यांनी एका सुरात आमचा म्हटलं, हवं तेवढं म्हटलं, तो लाजून चूर झाला. कारखान्यामागची विहीर त्यानं दाखवलेल्या जागी आहे. पाणी गोड आहे.

मध्येच अक्षर बिघडलंय ना, ते शेजारून कोपर लागल्यामुळे. पत्र लांबतंय, मुद्द्यावर ये, असं म्हणणं आहे. कुणाचं, ते आता लिहितेच.

मुद्दा तुझ्या हातांचा आहे. मेजावर माणूस निजवला की आता काय होतं, ते मी ऐकलंय. घरचे शब्द म्हणतात, पण आधी काकांकडे बघतात, आणि तूही बघतेस. कधी ऊब उतरते, कधी अर्ध्यात विझते. माणसं कुजबुजतात, की थोरलीचं पाप धाकटीला लागलं. धाकटे, माझं पाप लागायला मी ते केलेलं तरी असायला हवं. आणि तू हे सगळं जाणतेस. मला पक्कं ठाऊक आहे की तू जाणतेस. कारण आई धुण्याच्या दगडावर घसरली, तिचं मनगट मोडलं, आणि तिला त्याच मेजाशी आणलं तेव्हा काय झालं, ते मला शब्दनशब्द माहीत आहे. काकांनी तिला सांगितलं, वहिनी, म्हणा. आणि आई म्हणाली, ‘आमच्या आहात, हात लावा.’ काका म्हणाले, नीट म्हणा, एकच आहे ती. आई म्हणाली, ‘मी दोन काढल्यात पोटातून. माझ्या तोंडाला एवढंच येतं.’ खोलीत सगळ्यांनी माना खाली घातल्या. पण तुझे कान लाल झाले होते. ऊब उतरत होती, माझं नाव न घेता मला त्यात धरून उतरत होती. आणि तू हात मागे घेतलास.

आईनं ते पाहिलं. तुला नंतर ती काही बोलली नाही, कारण तिला तुझा राग आला नव्हता, तुझी कीव आली होती, आणि कीव आली की ती गप्प बसते हे आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. तर आता सांगते. आई दरीत पडली समजून दोर सोडून तिला शोधताय, ते थांबवा. मीठवाला म्हणाला, तुम्ही झुडूप न् झुडूप तोडलंत, आणि काकांनी देवीनं शिक्षा केली असं जाहीरही करून टाकलं. आई माझ्या शेजारी बसलीय आणि कोपरानं ढोसतेय. ती मेंढ्यांच्या वाटेनं, गळ्यात हात बांधून, थांबत थांबत चालत आली. कारखान्याच्या दारात उभी राहून तिनं भुशाला नाक मुरडलं, मग सगळ्या गाडीवानांसमोर, लोहारासमोर, मावशीसमोर माझ्या खांद्यावर चांगला हात ठेवला आणि मोडका पुढे करून खणखणीत आवाजात म्हणाली, आमची आहेस, हात लाव. मनगट बसलंय. काल तिनं कणीक मळली. मी तिला विचारलं, त्या दिवशी बैठकीत का नाही बोललीस? म्हणाली, मला वाटलं होतं देवी बोलेल, म्हणून वाट बघत बसले, आणि मग उशीर झाला. आता तिनं वाळीत टाकलेलीला आमची म्हटलंय, म्हणजे कायद्यानं तीही बाहेर. हे वाचल्यावर काका बैठक बोलावणार, आणि ते शब्द पुन्हा तुलाच म्हणायला लावणार, या वेळी आईला. म्हणून हे पत्र आधी पाठवलं. आमच्या पाठीमागे ते म्हणायचे नाहीत. पुनवेच्या सकाळी आम्ही दोघी येतोय, भर उन्हात, मोठ्या रस्त्यानं, मावशीच्या सर्वांत दणकट गाडीतून. मावशी स्वतः हाकणार आहे. लोहार येतोय, विहीरवाला येतोय, तो खेचरवालाही येतोय आणि त्याचे भाऊबंद. हद्दीच्या आत दिसेल त्याला मारायचं म्हणता ना, तर या, आम्ही लपणार नाही. गाडीतून उतरून आई तुझ्यासमोर उभी राहील आणि तू तिच्या डोळ्यांत बघून काय म्हणायचं ते म्हण. मी तुला शिकवणार नाही. मेज तेवढं अंगणात काढून ठेव, कारण वाटेतल्या वस्त्यांवरून मोडकेतोडके बरेच मागे येतील, आणि माझे एकटीचे हात पुरायचे नाहीत. आई म्हणतेय, तिची जाड गोधडी उन्हात घालून ठेव, परत येताना न्यायची आहे, इथं थंडी फार आहे. आणि तुझेही कपडे बांधून ठेव म्हणतेय. मी म्हटलं, ते तिचं तिला ठरवू दे, तिला धाक नको घालू. तर माझ्यावरच खेकसली, तुला काय विचारलंय, लिही म्हटलं ना, मग लिही. लिहिलं.

तुझीच, कुणी काहीही म्हणो, तुझीच
ताई